आई लाल डब्यानं का गेली?

माझ्या एका मित्राकडे जुनी पांढरी स्विफ्ट आहे. नाव नको म्हणालाय, कारण आई हा अंक वाचते. सेकंडहँड घेतली तेव्हाच दोन इंच खाली बसवलेली होती. काळ्या अलॉयवर मडगार्ड असं झुकलेलं, की सिग्नलला शेजारच्या बाइकवाल्यांनी मान वळवून बघावं. फुल टू टशन! आमचा हीरो सहा महिने हवेत होता.

हवेत तो होता, गाडी नव्हती. गाडी जमिनीलाच.

हिंजवडीला एकटा जायचा तोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग कारपूल सुरू झालं आणि मागे तीन जण बसायला लागले. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून ‘थड!’ मागचे तिघं एकदम गप्प व्हायचे, हा आवाज मोठा करायचा. स्टिरिओचा, अर्थात.

2023 च्या दिवाळीत आम्ही कोल्हापूरला निघालो. मागे त्याची आई, मावशी आणि मी, डिकीत फराळाचे डबे. खंबाटकी घाटात एका वळणावर बारीकसा खड्डा आला. एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. ‘खण्ण’ आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग हातभर बाहेर सरकला. त्यानं सावरलं, पण पुढचं वळण येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. काकूंनी पुढच्या सीटची पाठ धरलेली ती साताऱ्यापर्यंत सोडली नाही. त्यांना मणक्याचा त्रास आहे. तक्रार त्यांनी एका शब्दानं केली नाही. परत निघताना फक्त म्हणाल्या, ‘‘तुम्ही या गाडीनं, मी आपली एसटीनं येते.’’ आणि खरंच लाल डब्यानं आल्या.

तो दणका साहेबांना खड्ड्यापेक्षा जोरात लागला.

आता यामागचा फंडा. स्प्रिंगला दबायला जागा लागते. ती संपली की शेवटी एक रबराचा तुकडा असतो, तो म्हणजे बंप स्टॉप. गॅरेजवाले त्याला बफर म्हणतात. हिशेबासाठी धरा, की मूळ गाडीत बफर लागेपर्यंत 75 मिलिमीटर जागा होती. गाडी 50 नं खाली घेतली की उरले 25. मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला चार किलो पेलतात असं धरू. मागच्या चाकांवर दीडशे किलो वाढले, तर गाडी साधारण 37 मिलिमीटर दबायला हवी. जागा आहे 25! म्हणजे खड्डा यायच्या आधी, सोसायटीच्या गेटमध्ये उभी असतानाच, गाडी बफरवर बसलेली असते. घाटात तेच झालं. वळणात मागचं सस्पेन्शन अचानक दगडासारखं कडक झालं, टायरची पकड सुटली आणि शेपूट सरकली.

‘पण कापलेली स्प्रिंग कडक होते ना?’ होते की. सहा वेढ्यांतला एक कापला तर साधारण 20 टक्के. आमच्या हिशेबात तेवढं धरलं तरी गाडी 31 मिलिमीटर दबणार. शिवाय स्प्रिंग किती दणका पचवते ते ती किती दबू शकते त्याच्या वर्गावर ठरतं. जागा एक तृतीयांश उरली तर पचवायची ताकद एक नवमांश. ती भरून काढायला ढोबळमानानं नऊपट कडक स्प्रिंग लागेल. अशा गाडीत बसण्यापेक्षा बैलगाडी बरी.

हे गणित त्याला नंतर कळलं. आधी त्यानं आपण सगळे करतो तेच केलं, म्हणजे स्वस्तातला उपाय. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे ते जाड रबरी तुकडे आणले. गाडी उचलल्यासारखी वाटली खरी, पण ते ठोकळे अडकवलेले वेढे दबायचेच थांबवतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो. पंधरा दिवसांत एक तुकडा सटकून गेला. कुठे पडला देव जाणे.

शेवटी कोथरूडमधल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेला. मीही गेले, कॉलमला विषय मिळेल या स्वार्थानं. मेस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘‘आवाज थड येतो का खण्ण?’’ थड म्हणजे रबर लागतंय. खण्ण म्हणजे रबर संपलंय, लोखंड लोखंडाला भिडतंय. मग डिकी दाबून सोडली. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ही तीनदा झुलली. शॉकअप गेलेले. चाकाच्या वरच्या पोकळीत टॉर्च मारून टायर घासल्याची चकाकी बघितली, कारण कधीकधी सस्पेन्शन तळाला जातच नाही, रुंद अलॉयवरचा टायर मडगार्डला लागत असतो. तो आजार वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. इथे चकाकी नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं रबर वर सरकवलं आणि दांड्याला एक प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधून तळाशी सरकवला. ‘‘चार माणसं घालून चक्कर मारून या.’’ आलो, तर टाय थेट वरपर्यंत चढून चेपलेला. दोन रुपयांत निदान! वर बफर नव्हताच, नुसता काळा चुरा. एक शॉकअप तेलानं ओला.

स्प्रिंगा काढल्यावर आणखी मजा. कापलेल्या टोकांजवळ लोखंड निळसर पडलेलं. कुणीतरी गॅसनं कापल्या होत्या. तशी उष्णता दिली की स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती हळूहळू बसत जाते. गाडी जॅकवर घेतल्यावर तर स्प्रिंग जागेवर सैल खुळखुळत होती. मोठ्या उसळीत ती जागेवरून निसटली असती तर काय, हे मेस्त्रींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

सौदा शेवटी असा ठरला. दोन इंचांचा हट्ट सोडायचा, एक इंचावर यायचं. चारही नव्या, खाली बसवण्यासाठीच बनवलेल्या थोड्या कडक स्प्रिंगा. त्यांना जुळणारे आखूड शॉकअप, कारण मूळ लांबीचा शॉकअप खाली बसलेल्या गाडीत लवकर तळाला जातो. आणि नवे, फेसाळ पॉलियुरेथेनचे बफर. हे हळूहळू दबत कडक होतात, एकदम अडवत नाहीत. किटबरोबरच्या कागदावर जेवढं लिहिलं होतं तेवढंच, एक सेंटिमीटर, कापायचं. बफर काढूनच टाका म्हणणारे मेस्त्री भेटतात. त्यांना लांबून नमस्कार करा, कारण मग पुढचा बफर म्हणजे शॉकअपचं पोट.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर हवी. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची. मागून बसलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, हे आपल्याला गाडीत बसून कधी कळत नाही.

बिल? दिवाळी बोनस उडाला एवढंच छापायची परवानगी आहे.

आणि हो, कायद्याचं भूत आहेच. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम 52 चा अर्थ लावताना कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एक इंच म्हणजे ‘थोडंच’ हे आमच्या हीरोचं म्हणणं आरटीओ ऐकून घेईल याची मला खात्री नाही. मूळ उंचीवर जा, असं मी त्याला दोनदा सांगून बघितलं. तो अलॉय पुसत राहिला.

स्पीडब्रेकर मात्र बाजू घेण्यासारखे नाहीतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मापात गोल उंचवटा 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, ताशी 25 किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. आमच्या गल्लीतला डांबराचा ढीग कुणाच्या मापात बसतो कुणास ठाऊक.

काम झाल्यावर पुन्हा पाच जण भरून, केबल टाय बांधून, त्याच गल्लीतून गेलो. टाय वरपासून दोन बोटं खाली थांबला होता. त्यानं त्याचा फोटो काढून आईला पाठवला. त्यांना तो कशाचा फोटो आहे तेच कळलं नाही.

मग रविवारी त्यांना मागच्या सीटवर बसवून चांदणी चौकापर्यंत नेऊन आणलं. उतरताना त्या म्हणाल्या, ‘‘बरी झालीये.’’ मग कोल्हापूरचं विचारलं. त्यांनी जरा विचार केला.

‘‘येईन की. पण एसटीला मला अर्धं तिकीट पडतं रे.’’