घरी कधी विचारलंय का?

२६ जुलै आली की सगळ्यांच्या स्टेटसवर मुंबई येते. २००५ सालची. रुळांवर थांबलेल्या लोकल, छातीभर पाण्यातून चालणारी माणसं आणि सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस. हा आकडा तेव्हा जन्मालाही न आलेल्यांना पाठ आहे. आता वर्गात दुसरा प्रश्न विचारून बघा. त्याच्या आदल्या दिवशी, २५ जुलैला, महाड तालुक्यात काय झालं?

दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. या गावांवर दरडी कोसळल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली. महाड शहरात पाणी शिरलं. दासगावच्या दरडग्रस्तांनी तर पुढची कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. पण दुसऱ्याच दिवशी मुंबई बुडाली आणि महाडची बातमी त्या बातमीखाली गेली.

बाहेरच्यांनी विसरणं एक वेळ समजू शकतं. पण आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला माहीत नसेल तर? मी तेव्हा दोन वर्षांची होते आणि महाडलाच होते. माझा जन्म तिथला, एवढं मला माहीत होतं. पुढच्याच वर्षी आम्ही डोंबिवलीला आलो, तेही माहीत होतं. कारण विचारलं की उत्तर यायचं, ‘बाबांची नोकरी.’ घरात माझा दोन वर्षांच्या आधीचा एकही फोटो नाही. त्याचंही उत्तर ठरलेलं होतं, ‘तेव्हा कुठे होता कॅमेरा!’

पहिल्यांदा शंका आली ती २०२१ मध्ये. २२ जुलैला महाड पुन्हा बुडालं. तळीयेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यात अकरा जणांचा जीव गेला. टीव्हीवर महाडची बाजारपेठ दिसायला लागली आणि आईनं उठून टीव्ही बंद केला. मी चिडले. तेव्हा बाबा हळूच म्हणाले, ‘तिला नको दाखवूस. तू लहान होतीस तेव्हा...’ आणि गप्प झाले. ते वाक्य पूर्ण व्हायला आणखी चार वर्षं गेली. २०२५ मध्ये त्या पुराला वीस वर्षं झाली, म्हणून मी दोन दिवस महाडला गेले.

सिनेमात हे फार सोपं असतं. नायक गावी येतो, जुन्या घराचं दार करकरतं, धुळीत एखादं खेळणं सापडतं आणि फटकन सगळं आठवतं. खऱ्या आयुष्यात असं होत नाही. मी आमच्या जुन्या घरासमोर अर्धा तास उभी राहिले. काहीही आठवलं नाही. मानसशास्त्र सांगतं, आठवणारही नाही. बहुतेकांच्या पहिल्या आठवणी तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात. त्याआधीचं मूल पाहतं, ऐकतं, घाबरतं, पण मोठेपणी सांगता येईल अशी गोष्ट सहसा उरत नाही.

उलट, आठवलं असतं तर जास्त सावध व्हायला हवं होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९९५ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन खऱ्या होत्या आणि चौथी बनवलेली, ‘तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास’ ही. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती न घडलेली गोष्टही पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’! त्यामुळे ‘मला जोराच्या पावसात झोप लागत नाही, म्हणजे नक्की पुरामुळेच’ असं रीलवर बोलायला छान वाटेल, पण मी ते बोलणार नाही. मला झोप लागत नाही हे खरं. का लागत नाही, ते मला सांगता येणार नाही.

मग गावी जाऊन मिळालं काय? आठवण नाही मिळाली. माणूस मिळालं.

आम्ही तळमजल्यावर राहायचो. वरच्या मजल्यावर एक कुटुंब होतं, अजूनही तिथेच आहे. त्या घरातल्या बाईंना अख्खी चाळ खाला म्हणते. मी नाव सांगितलं तर त्यांनी मला माझ्या लाडाच्या नावानं हाक मारली. हे नाव घराबाहेर कुणालाच माहीत नाही, असा माझा समज होता. पाणी वाढायला लागलं तेव्हा खालांच्या थोरल्या मुलानं आजीला पाठीवर घेऊन वर नेलं. आई मला घेऊन गेली. ट्रंक खालीच राहिली आणि फोटो त्या ट्रंकेत होते. दोन दिवस वरच्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडं होती. मला ताप होता, आईला धक्क्यानं काही सुचत नव्हतं. खालांचं धाकटं पोर तेव्हा अंगावर पीत होतं. त्यांनी मलाही जवळ घेतलं. ‘तू माझं दूध प्यायलीस गं,’ त्या म्हणाल्या आणि मोबाइलवर एका मिशीवाल्या मुलाचा फोटो काढून दाखवला. ‘हा तुझा दूधभाऊ. दुबईला असतो.’

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. मला त्रास होऊ नये म्हणून घरच्यांनी ती रात्र लपवली. त्या रात्रीबरोबर खालाही लपल्या, आजीला पाठीवर घेणारा दादाही लपला. वीस वर्षं माझा एक भाऊ आहे आणि मला पत्ता नाही. आपण ‘वाईट ते विसरावं’ म्हणतो, पण वाईट एकटं विसरलं जात नाही. त्याच्यासोबत त्या वेळी धावून आलेली माणसंही जातात.

आई का बोलली नाही, तेही मला आता थोडं कळतं. तिच्यासाठी पाणी आणि खाला वेगळे काढता येत नाहीत. एकाचं नाव घेतलं की दुसरं येतंच. तिच्या गप्प बसण्याला मी दोष देणार नाही. जगून आलेल्या माणसाला न बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. पण मुलांनी कधी विचारूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

विचारल्यानं जखम उकरली जाते, असं मोठी माणसं म्हणतात. अभ्यास थोडं वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस साधे प्रश्न विचारले. आईबाबा कुठे वाढले, घरावर कोणतं संकट आलं होतं, वगैरे. घरच्या गोष्टी ज्यांना जास्त माहीत होत्या, ती मुलं मनानं जास्त स्थिर आढळली. न्यूझीलंडच्या माओरी लोकांमध्ये घडून गेलेल्या गोष्टी मुलांशी तपशिलात बोलण्याची रीत आहे. त्यांच्या पहिल्या आठवणी सरासरी तीन वर्षांच्याही आतल्या असल्याचं एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आठवण डोक्यात आपोआप साठत नाही. घरात कुणीतरी बोललं की ती टिकते.

आणि हा प्रश्न फक्त एका घराचा नाही. महाबळेश्वरहून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. खाली खाडीला भरती असली की पुराचं पाणी ओसरायला जागा मिळत नाही. वर डोंगरउतारांवर खडकावर मातीचे थर आहेत. मुसळधार पावसात ते पाणी पिऊन जड होतात आणि सुटतात. २००५ आणि २०२१ मध्ये सोळा वर्षांचं अंतर आहे. दोन वर्षांचं मूल अठरा वर्षांचं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढंच. त्या सोळा वर्षांत घराघरांत बोलणं झालं असतं तर दरड थांबली असती, असा माझा दावा नाही. पण जमिनीला भेग पडणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं आणि खांब कलणं, ही धोक्याची लक्षणं मुलांना आधी कुणाच्या तोंडून कळणार? सरकारी पत्रकापेक्षा आजीचं ‘त्या वर्षी असंच झालं होतं’ जास्त लक्षात राहतं.

महाडला आठवण ठेवायला शिकवावं लागत नाही. १९२७ च्या सत्याग्रहासाठी दर २० मार्चला चवदार तळ्यावर माणसं लोटतात. ६ जूनला रायगडावर पाय ठेवायला जागा नसते. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ज्या मातीला साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आठवतं, तिला वीस वर्षांपूर्वीचं जड जाऊ नये. शाळा-कॉलेजच्या भिंतीवर २००५ आणि २०२१ ची पाण्याची पातळी रंगवायला किती खर्च येतो? एनएसएसच्या शिबिरात झाडं लावून झाल्यावर एक दुपार गावातल्या म्हाताऱ्यांचं ऐकायला ठेवली तर?

मी पत्रकारिता शिकते, म्हणून आमच्याबद्दलही बोलायला हवं. दरड कोसळली की तिसऱ्या तासाला कॅमेरा पोचतो आणि ज्याचं घर गेलंय त्याला विचारतो, ‘आता कसं वाटतंय?’ तेव्हा विचारू नये ते विचारलं जातं. वीस वर्षांनी, जेव्हा त्या माणसाला खरंच सांगायचं असतं, तेव्हा तिथे कुणी नसतं. ती जागा बातमीदारानं नाही भरली तर नातवंडांनी भरावी.

कशी भरायची? उलटतपासणी करायची नाही. ‘तुला ट्रॉमा झाला होता का?’ असं तर मुळीच नाही. भांडी घासताना, पोहे करताना छोटा प्रश्न विचारायचा. दोन दिवस काय खाल्लं? रात्री उजेडाला काय होतं? समोरचं माणूस थांबलं की आपणही थांबायचं. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करायचं आणि तारीख लिहून ठेवायची. दोन माणसांचं जुळणार नाही, ते तसंच राहू द्यायचं. आई म्हणते पाणी मंगळवारी शिरलं, खाला म्हणतात सोमवारी. २५ जुलैला सोमवार होता, म्हणून आई खोटी ठरत नाही. तिचा सोमवार कुठे गेला, हेही गोष्टीतच येतं. ऐकताना तुम्हाला किंवा त्यांना फारच जड झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तुमच्या घरात पूर नसेल, भूकंप असेल, दंगल असेल, कोविडमधला एखादा आठवडा असेल. तिथपर्यंत थेट जायची गरज नाही. ‘तेव्हा आपल्याला कुणी आसरा दिला?’ एवढंच आज जेवताना विचारून बघा.