विश्लेषण : ट्यून केलेल्या गाडीत कोणते पेट्रोल भरावे? ऑक्टेन बूस्टरची बाटली खरेच उपयोगी पडते का?

फोक्सवॅगन पोलो, स्कोडा ऑक्टाव्हिया यांसारख्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, सॉफ्टवेअर बदलून घेण्याची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. ‘स्टेज-१’ ट्यून करून घेतली की ताकद वाढल्याचा छापील आलेख हातात मिळतो. मात्र या वाढीव ताकदीला कोणते पेट्रोल लागणार, हे बिलावर क्वचितच लिहिलेले असते. ही उणीव मग पंपावरचे महागडे पेट्रोल किंवा ऑनलाइन मागवलेली ऑक्टेन बूस्टरची बाटली भरून काढते. इंजिन वाचवायचे असेल तर हा क्रम उलटा हवा. आधी पेट्रोल ठरवावे, मग त्यानुसार ट्यून करावी.

ऑक्टेन म्हणजे नेमके काय?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे आणि शुद्धताही नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्याआधी किंवा भलत्या जागी स्वतःहून पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून हे मोजमाप केले जाते. भारतात आणि युरोपात त्यासाठी ‘रिसर्च ऑक्टेन नंबर’ म्हणजे ‘रॉन’ वापरतात.

स्पार्क प्लगने ठिणगी दिल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण पेटले तर दाबाचा हादरा बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आधुनिक इंजिनातला नॉक सेन्सर हा हादरा ओळखतो, ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद थोडी कमी होते. गाडी कंपनीच्या मूळ सेटिंगवर असेल तर गरजेपेक्षा जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून फारसे काही हाती लागत नाही. ईसीयूला जेवढे मागायचे तेवढे आधीच मिळालेले असते.

ट्यून केल्याने काय बदलते?

स्टेज-१ मध्ये बहुधा फक्त सॉफ्टवेअर बदलते. टर्बोचा दाब वाढवला जातो आणि ठिणगी थोडी आधी टाकली जाते. स्टेज-२ मध्ये त्याच्या जोडीला एक्झॉस्टचा डाउनपाइप आणि हवेचा इनटेकही बदलतात. दोन्हीत सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणजेच इंजिनाची ऑक्टेनची गरज वाढते. कंपनीने ठेवलेली सुरक्षेची जागा इथे खर्ची पडते.

ही जागा किती उरली, हे घाटात कळते. मे महिन्याची दुपार, गाडीत चार माणसे, एसी सुरू, चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आत येणारी हवा तापलेली आणि भार सर्वाधिक, अशी ही नॉकिंगसाठी सर्वात अनुकूल स्थिती. जानेवारीच्या सकाळी काढलेला ताकदीचा आलेख अशा वेळी काही सांगत नाही.

‘९१’ आणि ‘९३’चा घोळ कुठे होतो?

अनेक ट्यून फाइल अमेरिकी कंपन्यांकडून येतात. त्यांवर ‘९१ ऑक्टेन’ किंवा ‘९३ ऑक्टेन’ असे लिहिलेले असते. अमेरिकेत पंपावर दिसणारा आकडा हा रॉन आणि ‘मोटर ऑक्टेन नंबर’ या दोहोंची सरासरी असतो, त्यामुळे तो रॉनपेक्षा साधारण चार-पाचने कमी दिसतो. तिथले ९१ म्हणजे आपल्याकडचे सुमारे ९५ ते ९६ रॉन आणि तिथले ९३ म्हणजे सुमारे ९८ रॉन.

भारतातील बीएस-६ साध्या पेट्रोलच्या मानकात किमान ९१ रॉन ही श्रेणी आहे. ‘फाइलही ९१ची आणि पेट्रोलही ९१चे’ असा हिशेब करणारा ग्राहक प्रत्यक्षात चार-पाच रॉन कमी पेट्रोलवर इंजिन पळवत असतो. ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा : हा आकडा रॉनमध्ये किती?

ई२० आल्यामुळे प्रश्न सुटला का?

अर्धाच. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन जास्त असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० पेट्रोलच्या भारतीय मानकात किमान ९५ रॉनची अट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही ई२०ची बाजू मांडताना ९५ रॉनचा दाखला दिला होता. केवळ नॉकिंगच्या दृष्टीने पाहिले तर ट्यून केलेल्या गाडीसाठी ही चांगली बातमी आहे.

दुसरी बाजू इंधनाच्या प्रमाणाची. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. ई२०साठी हे प्रमाण साधारण १३.५वर येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सामान्य गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करून घेतो. स्टेज-२ गाडीत मात्र इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप आधीच मर्यादेजवळ असू शकतात. पूर्ण अॅक्सिलरेटरवर इंधन अपुरे पडले तर मिश्रण पातळ होते, तापमान चढते आणि पिस्टन धोक्यात येतो. त्यामुळे कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर बेतलेली जुनी ट्यून ई२०वर पुन्हा तपासून घेणे गरजेचे आहे.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीने किती फरक पडतो?

बाटलीवर ‘४० पॉइंट वाढ’ असे ठळक लिहिलेले असते. या भाषेत एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. म्हणजे ४० पॉइंट ही चारच आकड्यांची वाढ, तीही अनुकूल परिस्थितीतली. मुळात ऑक्टेन जास्त असलेल्या पेट्रोलमध्ये अनेक बूस्टरचा परिणाम कमी होत जातो.

बाटलीत काय आहे, हेही पाहायला हवे. बरेच बूस्टर एमएमटी या मँगनीजच्या संयुगावर किंवा लोह असलेल्या फेरोसीनवर चालतात. जळल्यावर या धातूंचे ऑक्साइड मागे राहतात. स्पार्क प्लगवर तांबूस थर चढतो आणि ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांनाही त्याचा त्रास होतो. ट्यून केलेल्या गाडीला ज्या सेन्सरवर विसंबायचे, त्यालाच बाटली आंधळे करू शकते.

धातू घालून ऑक्टेन वाढवण्याचा इतिहास फारसा चांगला नाही. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी शिशाच्या संयुगाने नॉकिंग थांबते हे शोधले. त्या शिशाने जगभरची हवा विषारी केली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

मग सगळेच अॅडिटिव्ह निरुपयोगी आहेत का?

नाही. पॉलिइथर अमाइन असलेली डिटर्जंट अॅडिटिव्ह इंजेक्टरवरची घाण काढू शकतात. काही हजार किलोमीटरनंतर एकदा वापरली तर त्यांचा उपयोग होऊ शकतो. ती ऑक्टेन मात्र वाढवत नाहीत.

मर्यादा आणखी एक आहे. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ते इनटेक व्हॉल्व्हला धूत नाही. त्यामुळे तिथला कार्बन टाकीत काहीही ओतून निघत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह उघडून साफ करावे लागतात. काही वर्कशॉप अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हे काम करतात.

टाकीतले पाणी काढणाऱ्या अनेक बाटल्यांत तर अल्कोहोलच असते. ज्या पेट्रोलमध्ये आधीच २० टक्के अल्कोहोल आहे, त्यात आणखी थोडे ओतायला पैसे का मोजायचे?

प्रीमियम पेट्रोल परवडते का?

९५पेक्षा जास्त रॉनची खरी गरज असेल तर पंपावरचे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा बाटलीपेक्षा भरवशाचा मार्ग आहे. ते रिफायनरीत ठरावीक मानकानुसार तयार होते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० बाजारात आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होते. दिल्लीत त्याचा दर तेव्हा लिटरला १६० रुपये होता.

दरवेळी पूर्ण टाकी त्याच पेट्रोलने भरण्याची गरज नसते. ९५ रॉनचे २० लिटर आणि १०० रॉनचे २० लिटर एकत्र केले की ढोबळमानाने ९७.५ रॉन मिळते. मात्र ‘प्रीमियम’ हा शब्द पाहून भरू नये. नोझलवरचा आकडा आणि त्यात इथेनॉल किती, हे विचारून घ्यावे.

अडचण उपलब्धतेची आहे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक पंपांवरच मिळते. ज्याची गाडी फक्त त्याच पेट्रोलवर सुरक्षित चालते, त्याने रत्नागिरीच्या पुढे किंवा विदर्भातल्या आडरस्त्यावर टाकी रिकामी झाल्यावर काय करायचे? रोज वापरायच्या गाडीची ट्यून सहज मिळणाऱ्या पेट्रोलवरच बेतलेली असावी. चार-दोन अश्वशक्ती कमी मिळाली तरी चालेल.

चांगल्या पेट्रोलनेही न टळणारा धोका कोणता?

छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जोर टाकला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडू शकतो. तंत्रज्ञ त्याला ‘एलएसपीआय’ म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलमिश्रित थेंब हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. एका तडाख्यात पिस्टनची कड तुटू शकते. केवळ ऑक्टेन वाढवून तो पूर्णपणे टळत नाही. त्यासाठी एपीआय एसपी दर्जाचे इंजिन ऑइल वापरणे आणि चढावर खालचा गिअर टाकणे हे दोन उपाय जास्त कामाचे आहेत. ऑइल निवडताना कंपनीने सांगितलेला ग्रेडही जुळायला हवा.

ग्राहकाने काय करावे?

ट्यूनिंगच्या बिलावर किमान रॉन आणि इथेनॉलचे प्रमाण लिहून मागावे. कमी ऑक्टेनसाठीची वेगळी फाइल घ्यावी. ट्यूननंतर नेहमीच्या पेट्रोलवर, उन्हात आणि चढावर गाडी चालवून ठिणगी किती मागे जाते, इनटेकचे तापमान किती चढते आणि इंधनाची दुरुस्ती किती होते, याची नोंद पाहावी. ओबीडी पोर्टला जोडलेल्या उपकरणातून हे आकडे मिळू शकतात. खडखड ऐकू आली तर लगेच अॅक्सिलरेटर सोडावा. वॉरंटी सुरू असलेल्या गाडीत सॉफ्टवेअर बदलल्यास इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही. अमेरिकेत पंपावर ऑक्टेनचा आकडा लावणे बंधनकारक आहे. युरोपात २०१८पासून इथेनॉलच्या प्रमाणाची ठरावीक चिन्हे नोझलवर असतात. आपल्याकडेही प्रत्येक नोझलवर हे दोन्ही आकडे ठळक मराठीत दिसले पाहिजेत. वाढीव ताकदीचा आलेख देणाऱ्या ट्यूनरनेही त्याच कागदावर पेट्रोलची अट छापावी. ती अट लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी सोडू नये.