दहा दिवसांचे मेंढपाळ

मे महिन्यात आमच्या मुलांवर प्रेम करायला विमानाने माणसं येतात. वर्षभर प्रेम करणारी इथंच असतात, पण त्यांना हार घालायची पद्धत नाही.

मी नाशिकच्या एका ख्रिस्ती मंडळीत संडे स्कूल घेते. व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, आली की माझं काम बदलतं. एकसारख्या टी-शर्टातली, उन्हाने लालबुंद झालेली विशीतली परदेशी पोरं-पोरी पुढे उभी राहतात आणि मी बाजूला दुभाषी होते. मग चहा, सतरंज्या, उलटी करणारं पोर, सगळं माझ्याकडेच.

एका उन्हाळ्यात एका पाहुणीने ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणणारं 23वं स्तोत्र घेतलं. मेंढपाळ म्हणजे काय, हे ती कार्टून दाखवून समजावत होती. समोर निफाड-सिन्नरकडची पोरं! कांदा निघाला की रिकाम्या वावरात मेंढरं बसवतात, धनगर वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावतो, रात्री कुत्री राखण करतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो, हे त्यांना पाठ. एकाने विचारलं, “यांच्या मेंढपाळाची वाघूर कुठंय? लांडगा आला मग?” स्तोत्रावर इतका नेमका प्रश्न मी धर्मगुरूंकडूनही ऐकलेला नाही. मी तो इंग्रजीत सांगितला. पाहुणी “सो क्यूट” म्हणाली आणि कागदी मेंढीला कापूस चिकटवायला दिला.

शेवटच्या दिवशी दिवे मंद करून विचारतात, आज येशूला कोणी स्वीकारलं? हात वर. मोजणी होते, आकडा पाहुण्यांच्या मायदेशी अहवालात जातो. हात वर करणाऱ्यांत चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असतात, बाप्तिस्मा झालेले. तेच पोर मागच्या वर्षीही मोजलेलं असतं. आमच्या मंडळीची पटसंख्या आहे तेवढीच, अहवालातली मात्र दरसाल वाढते.

हे सगळं कुठे चालतं? ज्या गावात शरणपूर आहे तिथे. 1850च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी चर्च मिशनरी सोसायटीतर्फे ते वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतले नऊ जण 1866 मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेले. पुढच्या तुकडीत जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, मृतदेहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. परदेशी जाऊन सेवा करणं याला म्हणतात. त्या पोरांच्या खिशात परतीचं तिकीट नव्हतं.

जुन्या मिशनऱ्यांना साम्राज्याचा माज होता, ते मला कुणी सांगायला नको. पण ते राहिले, मराठी शिकले. जस्टिन ॲबट यांनी महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत नेले. आपल्या ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि अभंग उपासनेत आणले. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी, त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. एवढा वारसा असताना आमची पोरं कंबर हलवत इंग्रजी ॲक्शन साँग म्हणतात, ज्यातला एक शब्द त्यांना कळत नाही. आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

आणखी एक गोष्ट, जी स्वागतसमारंभात कुणी काढत नाही. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी कामासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो, आणि त्यावरही धर्मांतर करवता येत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर पाहुणे विमानात बसतील. पोलीस ठाण्यात जाऊन बसणार आमचे पाळकसाहेब, आणि पुढची कित्येक वर्षं शेजाऱ्यांचे टोमणे ऐकणार आमची मुलं.

त्या पाहुण्या पोरांचा राग नाही मला. विशीत कुणालाही जग सुधारायचं असतं. राग आहे तो आमच्या मंडळीच्या पंचांचा. गोरा चेहरा दिसला की यांची मान आपोआप वाकते, आणि परदेशी देणगीच्या आशेने मुलांना फोटोसाठी रांगेत उभं करतात.

पंचांनो, येणाऱ्याला सहा महिने आधी मराठी शिकायला सांगा. जमत नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. शिबिर तरुण संघाकडे द्या, कीर्तन ठेवा, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवायला न्या. आणि संडे स्कूलच्या शिक्षिकेला मानधन द्या. हो, मी माझ्यासाठीच मागते आहे.