तांदळाच्या दाण्याएवढं अस्वल

सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलंय. ती विचारते, "पांढरं अस्वल पिंजऱ्यात नाही, त्याच्या घरी जाऊन बघता येतं का? आणि आपण असे गेलो, तर त्याला चालतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : हो. दुसरा प्रश्न मात्र असा आहे, की त्याला हे अख्खं पान लागणार!

आधी नकाशा काढा. नॉर्वेच्या उत्तर टोकावर बोट ठेवा आणि तसंच वर सरकवत न्या. समुद्रच समुद्र लागतो, आणि मग येतो बेटांचा एक पुंजका. नाव स्वालबार्ड. ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमधली ही बेटं. आपली मुंबई १९ अंशांवर आहे, त्यावरून अंदाज करा! १५९६ साली विलेम बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी इथे पोचला आणि तिथले सुळक्यांसारखे डोंगर पाहून त्याने नाव दिलं ‘स्पिट्सबर्गन’, म्हणजे टोकदार डोंगर. जमिनीचा निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य एकदा वर आला की ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळायचं नावच घेत नाही. रात्री दोन वाजता लख्ख ऊन! (आणि हो, पेंग्विन शोधू नका. ते दक्षिणेकडचे. अस्वलाची आणि पेंग्विनची गाठ फक्त चित्रांच्या पुस्तकात पडते.)

ऑस्लोहून विमानाने तीनेक तासांत लाँगइयरब्येन या गावी पोचता येतं. वस्ती सुमारे अडीच हजार. तिथून जहाजं सुटतात.

‘क्रूझ’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव, नाचगाणी असलं काहीतरी येईल. ते विसरा. ही असतात मोहिमेची जहाजं, लहानशी, बर्फाला टक्कर देऊ शकतील अशा मजबूत तळाची. या तऱ्हेच्या प्रवासाची सुरुवात लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या गृहस्थाने केली. १९६६ साली त्याने हौशी प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास याच कामासाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे जहाज बांधून घेतलं. १९८४ साली याच जहाजाने प्रवासी घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडचा बर्फाळ वायव्य सागरी मार्ग पार केला. प्रवासी जहाजाने तो पार करण्याची ती पहिली वेळ.

इथे वेळापत्रक फक्त नावाला असतं. बर्फाने वाट अडवली की कप्तान बेत बदलतो. मध्यरात्री देवमासा दिसला तर कर्ण्यावरून हाक येते आणि लोक झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून डेकवर धावतात. किनाऱ्यावर जायचं ते रबरी होडीतून. त्याआधी एक मजेदार कार्यक्रम असतो : बूट घासायचे, खिसे उलटे करायचे, पिशव्यांच्या कोपऱ्यांतला कचरा काढायचा. कशासाठी? तुमच्या खिशात घरच्या अंगणातलं गवताचं बी अडकलं असेल, तर ते तिथे रुजायला नको! मग मार्गदर्शक आधी उतरतात, दुर्बिणीने सगळा परिसर न्याहाळतात, बंदुका आणि अस्वलाला घाबरवायची दारूची पिस्तुलं घेऊन कडेने उभे राहतात. त्यानंतर तुमची पाळी.

पश्चिम किनाऱ्यावर नी-ऑलेसुंड नावाचं चिमुकलं गाव लागतं. एकेकाळी इथे कोळशाच्या खाणी होत्या. १९२६ साली आमुंडसेन आणि त्याचे सोबती ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून इथूनच उत्तर ध्रुवाकडे निघाले. ते जहाज बांधायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. आता गाव शास्त्रज्ञांचं. आणि तिथल्या एका घराचं नाव आहे ‘हिमाद्री’! आपलं भारताचं संशोधन केंद्र, २००८ पासून. त्याचा कारभार चालतो तो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. नारळाच्या झाडांजवळ बसून बर्फाचा अभ्यास! उत्तर ध्रुवाच्या बर्फाचा आणि आपल्या मोसमी पावसाचा काही संबंध आहे का, हाही तिथल्या अभ्यासाचा एक विषय. पूर्वी आपले शास्त्रज्ञ मुख्यतः उन्हाळ्यात जायचे. २०२३ च्या डिसेंबरात पहिली हिवाळी मोहीम गेली, म्हणजे दिवस उगवतच नाही अशा अंधारात.

या गावाजवळ आलं की मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं. तिथे आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकणाऱ्या मोठ्या अँटेना आहेत, त्यांना आपली कुजबूज नको. आईबाबांनी सांगून न ऐकणारी मंडळी इथे निमूट ऐकतात म्हणे!

पुढे वायव्य टोकाला स्मेरेनबर्ग. डच भाषेत अर्थ साधारण ‘चरबीचं गाव’. सतराव्या शतकात इथे देवमाशांची चरबी मोठमोठ्या कढयांत उकळून तेल काढत. युरोपातले दिवे त्यावर जळायचे, साबण त्याचा व्हायचा. खाड्या देवमाशांनी भरलेल्या होत्या असं जुने खलाशी लिहून ठेवतात. माणसांनी ते इतके मारले की इथले बोहेड देवमासे जवळजवळ संपले. वॉलरसचीही तीच गत झाली, हस्तिदंतासारख्या सुळ्यांपायी. १९५२ साली कायद्याने शिकार थांबवली तेव्हा ते मूठभर उरले होते. आज स्वालबार्डमध्ये त्यांची संख्या पुन्हा काही हजारांवर गेलीय. त्यासाठी माणसाने काय केलं? फक्त त्यांना मारायचं थांबवलं आणि वाट पाहिली. सत्तर वर्षं.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. हिनलोपेनच्या सामुद्रधुनीत आल्केफ्येल नावाचा कडा आहे. समुद्रातून ताठ उठलेली काळी भिंत, आणि तिच्या प्रत्येक कपारीत, प्रत्येक बोटभर पायरीवर दाटीवाटीने बसलेले गिलेमॉट पक्षी. काळा कोट, पांढरं पोट. हजारो जोड्या! गर्दीच्या वेळची लोकल आठवा, फक्त इथे लोकल उभी टांगलेली आहे. घरटं नाहीच. उघड्या दगडावर एकच अंडं. ते एका टोकाला निमुळतं असतं, त्यामुळे सहजासहजी गडगडत खाली जात नाही.

पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की खरी गंमत. त्याला उडता येत नाही, पंख अर्धवट. आणि एका संध्याकाळी (संध्याकाळ फक्त घड्याळात बरं का!) बाबा खाली समुद्राकडे जाऊन हाका मारू लागतो, किंवा सोबतच उडी घेतो. पिल्लू कडेवर येतं, मागे सरतं, पुन्हा पुढे येतं, आणि देतं झोकून! काही थेट पाण्यात पडतात. काही खडकांवर आपटतात, तरी उठतात, कारण अंग हलकं आणि मऊ. खाली ध्रुवीय कोल्हा टपलेला असतो, त्यालाही पिल्लं आहेतच की. जी पाण्यात पोचतात ती बाबाच्या मागे पोहत खुल्या समुद्रात निघून जातात, आणि पुढचे कित्येक आठवडे बाबाच त्यांना भरवतो. या कड्याखाली होड्या हळू चालवाव्या लागतात, भोंगे वाजवायचे नाहीत. मोठा आवाज झाला आणि सगळे पक्षी एकदम उडाले, तर अंडी नि लहान पिल्लं धक्क्याने खाली पडतात.

हिमनदीसमोर होडी थांबवून इंजिन बंद केलं की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे वितळताना त्यांत कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर येत असते. शेकडो वर्षांपूर्वीची हवा! मध्येच तोफेसारखा आवाज होऊन कडा कोसळतो. लाट येते म्हणून होड्या लांब ठेवतात.

आणि अस्वल?

१ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेने नियम केलाय : अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचं. १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि उतरायला ठरवून दिलेल्या ४३ च जागा. ३०० मीटर म्हणजे किती? शंभर मीटरची शर्यत तीनदा. घरी एक प्रयोग करा. आंबेमोहोर तांदळाचा एक दाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब करा. तीनशे मीटरवरचं मोठं अस्वल तुम्हाला साधारण एवढंच दिसेल! पाचशे मीटरवरून तिळाएवढं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे लाखो रुपये खर्चून तीळ बघायला जायचं? तिकडच्या काही जहाज कंपन्यांनीही थोडीफार अशीच कुरकुर केली. पण मार्च ते जून या महिन्यांत काय चाललेलं असतं ते बघा. आई पिल्लांना घेऊन बर्फातल्या बिळातून नुकतीच बाहेर आलेली असते, कित्येक महिन्यांची उपाशी. त्याच सुमारास सीलची पिल्लं जन्मतात. तेव्हा खाऊन साठवलेल्या चरबीवर तिला पुढचे कठीण महिने काढायचे असतात. जहाजाच्या चाहुलीने तिची एक शिकार हुकली तर ती उपाशी राहते, आणि मागची दोन पिल्लंही. शिवाय समुद्रातला बर्फच कमी होतोय. १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुलै २०१८ मध्ये अगदी उत्तरेकडच्या एका बेटावर एका जहाजाचे पहारेकरी, प्रवाशांच्या आधी, नेहमीप्रमाणे जागा तपासायला उतरले. लपलेलं अस्वल कोणाला दिसलं नाही. त्याने एकावर झडप घातली. सोबत्यांनी हाकलून पाहिलं, जमलं नाही, शेवटी गोळी घातली. माणूस वाचला. अस्वल मेलं, त्याच्याच बेटावर. आपण पाहुणे म्हणून जायचं आणि घरधनीच मारला जायचा, हे मला तरी पटत नाही. म्हणून हा नियम मला कडक वाटत नाही.

यावर घरात वाद होऊ द्या. बाबा म्हणतील, तिथे जायला विमान आणि जहाज दोन्ही धूर सोडतात, मग बर्फ वितळतो म्हणून हळहळायचं कशाला? बरोबर आहे. स्वालबार्डच्या पाण्यात जहाजांना जड, काळं इंधन वापरायची २०२२ पासून बंदी आहे, पण त्याने धूर शून्य होत नाही. आई म्हणेल, बघितल्याशिवाय माया कशी लागणार? तेही खरं. किनाऱ्यावर उतरलेले प्रवासी पोती भरभरून जाळ्यांचे तुकडे नि प्लास्टिक गोळा करून जहाजावर आणतात, तेही मोजायला हवं.

बर्फाच्या कडेला जहाज थांबतं तेव्हा डेकवर शंभर माणसं असतात आणि तरी कुजबूजसुद्धा नसते. बर्फ पांढरा, अस्वल किंचित पिवळसर. मार्गदर्शक सांगतो, पिवळा ठिपका शोधा. सापडतो. सील श्वास घ्यायला ज्या भोकाशी वर येतो, त्याच्या काठावर अस्वल बसलेलं असतं, नाक खाली करून, न हलता. अशी बैठक तासन्‌तास चालू शकते. जेवणाची घंटा होते. सूप निवतं. दुर्बिणी तशाच रोखलेल्या.