मेंदूची नक्कल : प्रयोगाचे टेबल आणि रुग्णाची खाट

अर्धांगवायूचा रुग्ण थोडा सावरला की वॉर्डात आम्ही एक साधी तपासणी करतो. त्याला डोळे मिटायला सांगायचे आणि हातात किल्ली किंवा रुपयाचे नाणे ठेवायचे. ‘काय आहे, ओळखा बरं.’ निरोगी माणूस बोटांनी वस्तू चाचपतो, फिरवतो आणि दोन-तीन सेकंदांत नाव सांगतो. मेंदूच्या परायटल भागाला इजा झालेला रुग्ण मात्र अडतो. ‘काहीतरी थंड लागतंय, टोक आहे, पण काय ते कळत नाही,’ असे म्हणतो. त्याला स्पर्श कळतो, बोटेही हलतात, तरी वस्तू ओळखू येत नाही. तीच किल्ली दुसऱ्या हातात दिली की लगेच हसून ‘किल्ली!’ म्हणतो.

या तपासणीला खर्च शून्य, पण ती मेंदूबद्दल फार मोठे काही सांगते. ओळखणे म्हणजे नुसते पाहणे किंवा स्पर्श होणे नव्हे. बोट कुठून कुठे सरकले आणि सरकल्यावर काय लागले, याची सांगड मेंदू सतत घालत असतो. नेमके हेच काम संगणकाला शिकवण्याचा एक प्रयत्न कॅलिफोर्नियात सुरू आहे. ‘थाउजंड ब्रेन्स प्रोजेक्ट’ हे त्याचे नाव. नुमेंटा या कंपनीने २०२४ मध्ये तो जाहीर केला, गेट्स फाउंडेशनने त्याला निधी दिला आणि वर्ष संपण्याआधीच त्याचे ‘माँटी’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले. कोड उतरवून घ्या, वापरून पाहा, मोडून पाहा, चुका कळवा, असे जगभरच्या प्रोग्रामरना आमंत्रण आहे. सॉफ्टवेअर अजून कच्चे आहे, हे कर्ते स्वतःच सांगतात.

‘माँटी’ हे नाव व्हर्नन माउंटकॅसल या शास्त्रज्ञावरून ठेवले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करताना १९५७ मध्ये त्यांनी मांजराच्या मेंदूच्या अभ्यासातून दाखवले की बाह्यकातील पेशी उभ्या स्तंभांसारख्या गटांत काम करतात. आपले बाह्यक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असते. पाहणे, ऐकणे, स्पर्श, भाषा ही कामे वेगवेगळी असली, तरी या थरातली मूळ रचना सगळीकडे बरीचशी सारखीच दिसते. मग प्रत्येक स्तंभ एकच मूलभूत काम करत असेल का, हा माउंटकॅसल यांचा प्रश्न. जेफ हॉकिन्स यांनी त्यावरच आपली मांडणी उभी केली. प्रत्येक स्तंभ वस्तूची स्वतःची प्रतिकृती बनवतो आणि हजारो स्तंभ जणू मतदान करून निर्णय घेतात, असे ते म्हणतात.

हॉकिन्स म्हणजे पाम पायलट हा खिशातला संगणक घडवणारे अभियंते. २००५ मध्ये डॉना डुबिन्स्की आणि दिलीप जॉर्ज यांच्यासोबत त्यांनी नुमेंटा काढली. दिलीप जॉर्ज हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. प्रोग्रामरना बोलावण्याची या मंडळींची ही पहिली वेळ नव्हे. २००७ मध्ये त्यांनी ‘न्यूपिक’ हे सॉफ्टवेअर असेच सुरुवातीच्या प्रयोगकर्त्यांच्या हाती दिले आणि २०१३ मध्ये त्याचा कोड पूर्ण खुला केला. त्यातून आकड्यांच्या प्रवाहातली विसंगती टिपण्यासारखी उपयुक्त कामे झाली, पण जग बदलले ते दुसऱ्याच वाटेने गेलेल्या डीप लर्निंगने. म्हणजे या आमंत्रणामागे वीस वर्षांची चिकाटी आहे, तसाच अपेक्षाभंगाचा अनुभवही आहे.

मग आज त्याकडे लक्ष का द्यावे? प्रचलित एआयला शिकवायला अफाट माहिती आणि वीज लागते. आपला मेंदू साधारण वीस वॉटवर चालतो, म्हणजे एखाद्या एलईडी ट्यूबइतक्या विजेवर. लहान मुलाला कप ओळखायला हजारो कप दाखवावे लागत नाहीत. ते एकच कप उलटासुलटा करून, तोंडात घालून, आपटून शिकते. नवे शिकताना जुने पुसलेही जात नाही. माँटीला असेच शिकवायचे आहे : कॅमेरा किंवा स्पर्शाचा संवेदक वस्तूवर फिरवायचा, थोड्या नमुन्यांवर शिकायचे आणि शिकत राहायचे. सध्या तो प्रामुख्याने घरगुती वस्तू ओळखण्याच्या पातळीवर आहे.

‘मेंदूपासून प्रेरित’ या शब्दांना मात्र फार भुलू नये. १९४३ मध्ये वॉरेन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचे पहिले गणिती प्रारूप मांडले, तेव्हापासून हे विशेषण चालत आले आहे. त्यातले मॅककुलॉक तर पेशाने डॉक्टर होते. खुद्द स्तंभांच्या कार्याबद्दलही एकमत नाही. २००५ मध्ये हॉर्टन आणि अ‍ॅडम्स यांनी, स्तंभ ही कार्य नसलेली रचना असावी, असा शोधनिबंधच लिहिला. पाया वादग्रस्त आहे म्हणून इमारत पडेलच असे नाही, पण मेंदूचे नाव घेतले म्हणून ती पक्की ठरत नाही.

माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरला यात रस वाटतो तो सोनोग्राफीमुळे. एक्स-रे हे एक स्थिर चित्र असते. सोनोग्राफी म्हणजे हाताची हालचाल. प्रोब थोडा तिरका केला की पित्ताशयातला खडा दिसतो, थोडा सरकला की नाहीसा होतो. हे कसब शिकायला वर्षे लागतात आणि ते येणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. हालचालीतून शिकणारे, कमी माहितीवर आणि साध्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर खरेच जमले, तर त्याची खरी गरज मोठ्या शहरांपेक्षा ग्रामीण रुग्णालयांना आहे. अर्थात आपल्याकडे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. ‘लॅपटॉपला जोडून बघू’ इतके ते सोपे नाही, आणि नसावे.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती या सॉफ्टवेअरच्या सर्वात मोठ्या गुणातच दडली आहे. ते सतत शिकते. पॅरासिटामॉलची गोळी मंजुरीनंतर बदलत नाही. आज तपासली तीच पुढच्या वर्षी मिळते. वापरता वापरता शिकणारे यंत्र मात्र सोमवारी तपासले, तर शुक्रवारी वेगळे असू शकते. आमच्या ओपीडीत शिकून ते सुधारेल, तसे एखाद्या चुकीच्या निदानावरून बिघडेलही. मग मंजुरी कशाला दिली म्हणायची? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये एक मार्ग सुचवला : उपकरणात पुढे कोणते बदल होतील आणि ते कसे तपासले जातील, याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले आहे आणि २०२३ मध्ये आयसीएमआरने आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना दिल्या. सतत बदलणाऱ्या यंत्राची नोंद रुग्णालयात कोणी, कशी ठेवायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक अधीक्षकाच्या टेबलावर येणारच आहे.

काही वर्षांपूर्वी दोन हुशार तरुण माझ्याकडे आले होते. त्यांनी काहीतरी सॉफ्टवेअर बनवले होते आणि त्यांना छातीचे एक्स-रे हवे होते. ‘सर, पेनड्राइव्हवर द्या, नावे काढून टाकू.’ मी एक फिल्म काढून दाखवली. कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय, नोंदणी क्रमांक, सगळे छापलेले. मी त्यांना आचारसमितीचा अर्ज दिला. ते परत आले नाहीत. मला हायसे वाटले नाही, वाईटच वाटले. त्यांचा हेतू चांगला होता, पण प्रयोगाचे टेबल आणि रुग्णाची खाट यांतले अंतर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे अंतर वैद्यकाने किंमत मोजून शिकले आहे. औषध आधी प्रयोगशाळेत, मग प्राण्यांवर, मग मोजक्या माणसांवर आणि शेवटी मोठ्या चाचणीत जाते. २००९ पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणीही सक्तीची आहे. या मोजपट्टीवर माँटी अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. कच्चे काम कच्चे म्हणून मांडणे आणि चुका शोधायला चारचौघांना बोलावणे ही चांगली रीत आहे. तयार म्हणून विकल्या जाणाऱ्या, आतले काहीच न दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा ती मला जास्त विश्वासाची वाटते.

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे आमंत्रण जरूर स्वीकारावे आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तरुण डॉक्टरांनीही त्यांच्या शेजारी बसावे. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या नमुन्यावर, संमती घेतलेल्या आणि ओळख पुसलेल्या माहितीवर काम करावे. यंत्र कुठे चुकते हे आधी लिहावे, कुठे जिंकते ते नंतर. आम्हीही त्या रुग्णाला कोणता हात चुकतो तेच आधी पाहतो. आजार कुठे आहे ते तिथूनच कळते.