सातबाऱ्याला जमतं ते क्वेरीला का नाही?

शिरोळ तालुक्यातला कुठलाही सातबारा हातात घ्या. खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार नंबर दिसेल. हे नाव इथे आलं कुठून, असा प्रश्न पडला तर तो नंबर घेऊन गाव नमुना ६ उघडायचा. खरेदीखत की वारस, नोंद कधीची, मंजूर कधी झाली, सगळं तिथे सापडतं.

आता आपली क्वेरी बघा. पाच टेबलं जॉइन केली, रिपोर्टात एक आकडा आला. तो कुठल्या टेबलातल्या कुठल्या ओळीतून आला? बसा लॉग उपसत!

बरं, हा फक्त आपल्या डोकेदुखीचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला. समजा, भरपाईची यादी पंचनामा, सातबारा आणि बँक खातं अशा तीन टेबलांवरून काढली, आणि एकाचं क्षेत्र चुकलं. यादीत दुरुस्त केलं तर पुढच्या यादीत तीच चूक परत हजर. मूळ ओळ सापडेपर्यंत तो माणूस खिडक्या पालथ्या घालत फिरणार.

"आम्ही सोर्स-आयडीचा कॉलम ठेवतो की," असं तुम्ही म्हणाल. ठेवता, पण प्रत्येक क्वेरीत तो पुढे न्यायचं काम प्रोग्रॅमरचं. घाईत लिहिलेल्या एका जॉइनमध्ये तो गळतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही.

सातबाऱ्यावर नंबर असतो तो लिहिणारा शिस्तीचा म्हणून नव्हे, तर नमुन्यातच त्याला जागा आहे म्हणून. माझं म्हणणं एवढंच, की आपला 'नमुना' म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषा. जागा तिथे हवी.

हे हवेतलं नाही. एडिंबरा विद्यापीठात घडलेल्या लिंक्स भाषेत फेरेनबाख आणि चेनी यांनी २०१६ मध्ये हे करून दाखवलं. टेबल जाहीर करताना कॉलमवर खूण करायची, की त्यातल्या प्रत्येक व्हॅल्यूसोबत टेबल, कॉलम आणि ओळ यांचा पत्ता चालतो. टाइपच वेगळा असल्याने तो पत्ता वाटेत नकळत गळत नाही. क्वेरीत लागणारे बदल भाषाच करते.

मर्यादा आहेतच. बेरजेला एकच उगम नसतो. तिथे 'कुठून' ऐवजी 'कोणत्या ओळींमुळे' असं विचारावं लागतं. बुनेमन, खन्ना आणि टॅन यांनी हा फरक २००१ मध्येच मांडला होता. शिवाय क्वेरी जड होते, ते वेगळंच.

होऊ दे. ज्या आकड्यावर कुणाचे पैसे अडकलेत, त्याने आपला पत्ता सांगायलाच हवा.