इस्पितळाच्या उंबरठ्यापाशी थांबणारा हक्क

११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आयुष्मान भारत योजनेतील उत्पन्नाची अट सत्तरी गाठलेल्यांपुरती रद्द केली, आणि त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरपासून, मनुष्य बागायतदार असो वा शेतमजूर, त्याला कुटुंबामागे सालीना पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा हक्क प्राप्त झाला, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या तरतुदीचा सारा भर रुग्ण इस्पितळात असेपर्यंतच्या काळावर आहे. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधे व तपासण्या तीत धरल्या आहेत. घरी येऊन शुश्रूषा करणारी परिचारिका मात्र तीत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ज्या घरांचे कर्ते मुलगे नोकरीपायी पुण्याला किंवा चिंचवडला राहतात, अशा एखाद्या घरी खुब्याचे हाड मोडलेली अथवा अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेली वृद्धा परतते, तेव्हा तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, नाकातील नळीवाटे भरवताना अन्न श्वासनलिकेत जाऊ न देणे, लघवीच्या नळीची निर्जंतुक निगा राखणे, पाठीवर उमटू लागलेला व्रण वेळीच ओळखणे, ही शिक्षित परिचारिकेची कामे तिच्याच वयाच्या पतीवर किंवा सकाळी खुरपायला जाणाऱ्या सुनेवर येऊन पडतात. आणि सुनेची बुडालेली मजुरी कोणत्याही दप्तरात दुखण्याचा खर्च म्हणून रुजू होत नाही. माया असूनही ज्ञानाअभावी व्रण चिघळतो, रुग्ण पुन्हा दाखल होतो आणि त्या खर्चास मात्र मंजुरी मिळते. ही व्यवस्था मला न्यायाची वाटत नाही, आणि काटकसरीचीही नाही.

जपानने २००० सालीच दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा अंमलात आणला व चाळिशीपासूनच्या नागरिकांकडून त्यासाठी वर्गणी घेतली. तेवढी तजवीज येथे तूर्त होणार नसेल. तथापि बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णास सोडताना डॉक्टरांनी परिचर्येची गरज लेखी नमूद करावी आणि त्या आधारे निदान सहा आठवडे परिचारिकेच्या गृहभेटींचा खर्च त्याच पाच लाखांतून देण्याची मुभा असावी. हे काम आशाताईंच्या आधीच वाकलेल्या खांद्यांवर विनामोबदला लादणे मात्र अन्यायाचे होईल. आरंभ खुबा आणि अर्धांगवायू या दोनच दुखण्यांपासून व या दोनच तालुक्यांत झाला तरी चालेल. पुन्हा दाखल होणाऱ्यांची संख्या वर्षभर नोंदली, म्हणजे पुढील निर्णय शासनास त्या आकड्यांवरून घेता येईल.